पेल एल चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे

नाशिकच्या नाकाला वाइनची सवय आहे. ग्लास हलकासा फिरवायचा, वास घ्यायचा आणि मगच घोट घ्यायचा, हे इथल्या बऱ्याच जणांना पाठ असतं. समोर पेल एल आली की मात्र तीच मंडळी पहिल्या घोटातच 'कडू आहे' किंवा 'भारी आहे' म्हणून मोकळी होतात. बिअर बहुतेक वाइनपेक्षा नाजूक असते. पंधरा मिनिटांचं ऊन, तेलाचा हात लागलेला ग्लास किंवा मे महिन्यातली गाडीची डिकी, यांतलं कुठलंही एक कारण ब्रुअरीच्या मेहनतीवर पाणी फिरवायला पुरेसं आहे. हाल सोसून आलेल्या बिअरला दिलेले गुण प्रत्यक्षात दुकानाच्या फळीला दिलेले असतात. म्हणून या लेखात गुणांइतकंच लक्ष त्याआधीच्या तयारीकडे दिलं आहे.

कायद्याचं आधीच सांगायला हवं. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. शिवाय राज्य उत्पादन शुल्क खात्याचा मद्यसेवन परवानाही लागतो. गोव्याहून येताना पिशवीत टाकून आणलेले कॅन या चौकटीत बसत नाहीत. लेबलवर महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचा उल्लेख बघूनच घ्या.

काय चाखतोय ते आधी ठरवा

पेल एल म्हणजे फिकट भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या सातूची), एल यीस्टने साधारण १८ ते २२ अंशांना आंबवलेली बिअर. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम भरपूर होतं. त्यातल्या सल्फेटमुळे हॉपचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडूपणा कोरडा आणि ठळक लागतो, म्हणून तिथली पेल एल गाजली. आज आपल्याकडच्या स्वतंत्र ब्रुअरीज जी पेल एल बनवतात ती बहुतेक अमेरिकन वळणाची असते. तिचा पाया कॅस्केड या हॉपने घातला. हा हॉप १९७२ मध्ये लागवडीसाठी खुला झाला आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने त्याच्यावर उभी केलेली पेल एल पुढे सगळ्यांसाठी नमुना ठरली. महाराष्ट्रात हे वारं पुण्यातून आलं. तिथे २००९ मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीने सुरुवात केली.

अपेक्षा कागदावर मांडायला बीजेसीपी या परीक्षक संस्थेची २०२१ ची शैली-मार्गदर्शिका उपयोगी पडते. अमेरिकन पेल एलसाठी तिच्यात अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडूपणा ३० ते ५० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) आणि रंग फिकट सोनेरीपासून हलक्या अंबरपर्यंत असा पट्टा दिलेला आहे. इंग्लिश धाटणीची पेल एल म्हणजे बेस्ट बिटर, तिच्यासाठी अल्कोहोल ३.८ ते ४.६ टक्के आणि कडूपणा २५ ते ४० आयबीयू आहे. तिच्यात हॉपपेक्षा बिस्किटासारखा माल्ट पुढे असतो. इंग्लिश धाटणीच्या बिअरला 'हॉपचा वास कमी' म्हणून गुण कापणं हा अन्याय आहे आणि तो सर्रास होतो.

लेबलचा आणखी एक गोंधळ आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. त्यामुळे ५.४ टक्क्यांच्या साध्या पेल एलवरही 'स्ट्राँग' छापलेलं दिसेल. डोक्यात जाणाऱ्या गोडसर स्ट्राँग लागरशी तिचा काही संबंध नाही.

खरेदी आणि वाहतूक

कॅन उलटा करून पॅकिंगची तारीख बघा. एक्सपायरी बघून भागत नाही, कारण सहा महिन्यांची मुदत बिअर पिण्यालायक आहे एवढंच सांगते. हॉपचा वास त्याच्या खूप आधी ओसरायला लागतो. पेल एल शक्यतो दोन महिन्यांच्या आतली घ्या आणि तीही दुकानाच्या फ्रीजमधली.

ब्रुअरीजमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस म्हणजे बिअरचं वय जवळपास सारखंच वाढतं. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी बंद गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात दोन-तीन दिवस काढलेल्या कॅनकडून फार अपेक्षा ठेवू नका. मुंबईहून कसारा घाट चढून किंवा पुण्याहून सिन्नरमार्गे बिअर आणायची असेल तर थर्माकोलची पेटी घ्या. कॅनच्या वजनाइतका बर्फ घाला, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि पेटी डिकीत न ठेवता एसी चालू असलेल्या भागात ठेवा.

बाटली असेल तर काचेचा रंग बघा. तपकिरी काच अपाय करणारा बराचसा प्रकाश अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच जवळपास काहीच अडवत नाही. कॅनला ही काळजी नाही. घरी आणल्यावर उभीच ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. फ्रीजच्या दारात ठेवू नका, कारण दार दिवसभर उघडझाप होतं.

ग्लास

इथे बहुतेक घरांत गणित चुकतं. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली तिनेच ग्लास घासला की काचेवर तेलाचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा राहतो. तेलाने फेस मोडतो, आणि फेस मोडला की वास धरून ठेवणारं झाकणच गेलं. दुधाचे ग्लास तर वापरूच नका.

चाखण्याचे ग्लास वेगळे काढा आणि त्यांची घासणी वेगळी ठेवा. गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून ग्लास धुवा, साध्या पाण्याने तीनदा खळबळा आणि जाळीवर उपडे वाळू द्या. फडक्याने पुसलं की फडक्याचा वास आणि धागे लागतात. ग्लास स्वच्छ झाला का ते बघायला तो पाण्याने ओला करा आणि आतून बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. जिथे तेल आहे तिथे चिकटत नाही, डाग सरळ दिसतो. बिअर ओतल्यावरही एक खूण मिळते. काचेच्या आतल्या बाजूला ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास मळका आहे. प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळीदार कडी मागे राहत असेल तर ग्लास उत्तम.

आकाराचं म्हणाल तर नाशिककरांच्या घरात असतोच तो साधा ३०० ते ३५० मिलीचा वाइन ग्लास झकास चालतो. वर निमुळता असल्याने वास आत राहतो. डीप फ्रीजमध्ये गोठवलेला ग्लास मात्र नको. बर्फाचा थर वितळून बिअर पातळ करतो, आणि थंडीने हॉपचा वासही दबतो.

जागा, वेळ, तोंड

नाक आणि जीभ सकाळी उशिरा, जेवणाआधी सगळ्यात ताजी असतात. सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास बसणं उत्तम, संध्याकाळी बसायचं तर स्वयंपाक सुरू होण्याआधी. उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, फोडणी यांतलं काही नको. वास घेताना पंखा बंद करा. ग्लासवरून वारा गेला की हॉपचा अर्धा वास नाकापर्यंत पोचतच नाही.

तासभर आधीपासून चहा, कॉफी, पान, तंबाखू, पुदिन्याची टूथपेस्ट बंद. मिसळ आणि चिवडा नंतरसाठी राखून ठेवा. तिखटाने जीभ भाजली की कडूपणा आणि गॅसची चुरचुर वेगळी काढता येत नाही. मध्ये तोंड साफ करायला साधं, थंड न केलेलं पाणी आणि लादीपावाचा आतला पांढरा भाग पुरतो.

एका बैठकीत चार बिअर, माणशी प्रत्येकी १०० मिली. पाचवीनंतर जिभेवर विश्वास ठेवू नये. कमी अल्कोहोल आणि कमी कडूपणापासून वर चढत जा. आयपीए (पेल एलचीच जास्त हॉपची, जास्त कडू बहीण) आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर साचतो आणि मागून येणारी पेल एल पाणचट वाटते. वाइनसारखं थुंकून इथे काम भागत नाही, कारण कडूपणाचा शेवट घशाजवळ कळतो. म्हणूनच मात्रा लहान ठेवायची. घरी जायला रिक्षा सांगायची, गाडी चालवायची नाही.

ओतणं आणि तापमान

पेल एल ७ ते १० अंशांना चाखावी. घरगुती फ्रीजमधून ती ४ अंशांच्या आसपास निघते. बाहेर काढून आठ-दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात त्याहून कमी, थंडीत थोडं जास्त. स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही. चारही ग्लास सारख्याच तापमानाला असायला हवेत. एक थंड आणि एक कोमट असला तर तुलनेला अर्थ राहत नाही.

ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून अर्धी बिअर कडेने सोडा, मग ग्लास सरळ करून उरलेली मध्यावर ओता. दोन बोटं फेस आला पाहिजे. फेस येऊ नये म्हणून सगळी बिअर कडेनेच सोडायची सवय सोडून द्या. गॅस आतच राहिला तर पोट फुगतं आणि वासही बाहेर येत नाही.

वास

ओतल्याबरोबर पहिला वास घ्या, कारण सल्फरसारखे उडून जाणारे वास एका मिनिटात नाहीसे होतात. ग्लास नाकाखालून एकदा नुसता फिरवून न्या, मग दोन-तीन छोटे हुंगे घ्या. लांब श्वास घेतला की नाक लवकर थकतं. नंतर ग्लास तळहाताने झाकून हळूच फिरवा आणि हात काढून पुन्हा हुंगा. वाइनसारखा जोरात फिरवू नका, बिअरचा गॅस निघून जातो. नाक बधिर झालं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या.

लिहिताना परक्या फळांची नावं आठवत बसू नका. कॅस्केडचा वास पपनसाच्या सालीकडे झुकतो. सिट्रामध्ये आंबा, लिची आणि पेरू मिळतात, सिम्को चिडाच्या राळेकडे जातो. या सारखेपणामागे रसायन आहे. लिनालूल धण्यातही असतं आणि हॉपमध्येही. जेरानिऑल गुलाबात असतं, मिर्सीन आंब्यात आणि गवती चहात. नाशिककरांसाठी सगळ्यात जवळचा हॉप म्हणजे न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन. त्याचं नावच सॉव्हिन्यों ब्लां या द्राक्षावरून पडलं, कारण त्या वाइनमधल्या थायॉल गटातल्या संयुगांशी त्याचा वास जुळतो. दिंडोरीकडच्या सॉव्हिन्यों ब्लांचा एक ग्लास आणि नेल्सन घातलेली पेल एल शेजारी ठेवून हुंगा. हॉपच्या वासाचा याहून चांगला धडा नाही.

काही हॉप उशिरा तोडले गेले तर कांदा-लसणाचा वास येतो. लासलगाव बाजार समितीच्या आवारातून एकदा जरी गेला असाल तरी तो लगेच ओळखाल. हलका असेल तर नोंद करून पुढे जा. बाकी सगळं त्याखाली दबलं असेल तर गुण कापा.

माल्टसाठी वेगळा हुंगा घ्या. पावाची कड, मारी बिस्किट, भाकरीचा भाजलेला पापुद्रा, हलकं कॅरमल अशा वासांचा शोध घ्या.

घोट

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. कडूपणा घोटागणिक चढत जातो, म्हणून किमान तीन घोट घ्या. साधारण १५ मिली, म्हणजे मोठा चमचाभर बिअर तोंडात घेऊन जिभेवर सगळीकडे फिरू द्या. मग गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. हॉपची खरी चव याच श्वासात कळते.

आता तीसेक सेकंद शांत बसा. कडूपणा चढतो कसा, उतरतो कसा आणि मागे काय सोडतो ते बघा. चांगल्या पेल एलचा कडूपणा स्पष्ट असतो पण घशात रेंगाळून टोचत नाही. कडू आणि तुरट यांत नवशिके हमखास गफलत करतात. कारलं कडू, सुपारी तुरट. तुरटपणा ही चव नाही, तो हिरड्या आणि गाल आखडल्याचा स्पर्श आहे. सवय करायला एका कपात टॉनिक वॉटर घ्या आणि दुसऱ्यात दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा बिनसाखरेचा चहा. पहिल्यात क्विनाइनचा कडूपणा, दुसऱ्यात टॅनिनचा तुरटपणा. पेल एलमध्ये चहासारखं आखडणं जाणवलं तर माल्टची टरफलं फार गरम किंवा अल्कधर्मी पाण्याने धुतली गेली असतील, नाहीतर ड्राय हॉपिंग, म्हणजे उकळी संपल्यावर आंबवण्याच्या टाकीत हॉप घालणं, हाताबाहेर गेलं असेल.

दोष आणि त्यामागची कारणं

लोणी लावलेल्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर निसरडेपणा आला तर तो डायअॅसिटिल. यीस्टला शेवटचे दोन-तीन दिवस पुरेसे मिळाले नाहीत की तो मागे राहतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, तोही घाईचाच पुरावा. कणीस उकडल्यावर भांड्यात उरलेल्या पाण्याचा वास डीएमएस या गंधकाच्या संयुगाचा. माल्टच्या रसाची उकळी कमी झाली किंवा झाकण लावून उकळलं की तो उडून जात नाही. लवंगेचा वास जर्मन गव्हाच्या बिअरला शोभतो, पेल एलमध्ये आला तर रानटी यीस्टचा संसर्ग. दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास क्लोरीनचं पाणी वापरल्याने येतो. जुनाट चीज किंवा घामट मोज्यांचा वास शिळ्या हॉपमुळे येतो.

हे सगळे दोष ब्रुअरीच्या पदरात टाकायचे. पण दोन दोष बहुतेक वेळा वाटेत लागतात. एक म्हणजे उन्हाचा: प्रकाशाने हॉपची कडू आम्लं फुटतात आणि उग्र, जंगली जनावरासारखा वास येतो. दुसरा प्राणवायू आणि उष्णतेचा. आधी हॉप ओसरतो, मग मध आणि बेदाण्यांचा गोडवा येतो, शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. उष्णतेने जुनी झालेली पेल एल पिऊन 'माल्ट छान आहे' असं लिहिणारे बरेच असतात. तो माल्ट नसून म्हातारपण असतं.

ही ओळख घरीच तयार करता येते. एकाच बॅचचे दोन कॅन घ्या. एक फ्रीजमध्ये, एक तीन आठवडे माळ्यावर. उन्हाळ्यात फरक इतका ठळक पडतो की शिकवणीची गरज राहत नाही. उन्हाच्या दोषासाठी एकच बिअर एका पारदर्शक ग्लासात आणि एका स्टीलच्या पेल्यात ओता. ग्लासावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून तो पंधरा मिनिटं गच्चीवरच्या उन्हात ठेवा. पेला ताटलीने झाकून घरातच ठेवा. मग दोन्ही फ्रीजमध्ये सारखे थंड करून शेजारी हुंगा.

नळाची बिअर पिताना लोणी किंवा व्हिनेगर जाणवलं तर आधी नळाच्या नळ्यांवर संशय घ्या. त्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्या असतात. त्याच ब्रुअरीचा कॅन चाखल्याशिवाय ब्रुअरीला दोष देऊ नका.

गुण

बीजेसीपीची ५० गुणांची विभागणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण प्रभाव १०. रूपाला फक्त तीन गुण आहेत ते योग्यच. बिअर गढूळ असली तरी ड्राय हॉपिंगमुळे असेल तर तो दोष नाही. रंग पांढऱ्या कागदासमोर बघा, फेस दोन मिनिटं टिकतो का बघा, पुढे जा. ४५ आणि त्यावर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली. त्याखाली दोष उघड असतात.

नोंद अशी असावी: 'पॅकिंगला पाच आठवडे, ८ अंश. सोनेरी, किंचित धूसर, फेस टिकाऊ, ३. वासात पपनसाची साल आणि पेरू, मागे मारी बिस्किट, दोष नाही, ९. चवीत मोसंबी, कडूपणा मध्यम आणि कोरडा, पण माल्ट मध्येच गायब होतो, १४. गॅस मध्यम, तुरटपणा नाही, ४. दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो, ७. एकूण ३७.' शेवटी एक वेगळा रकाना ठेवा, 'मला आवडली का'. शैलीला धरून असलेली बिअर तुम्हाला आवडेलच असं नाही, आणि आवडलेली बिअर शैलीबाहेरची असू शकते. हे दोन निकाल एका आकड्यात कोंबले की दोन्ही खोटे ठरतात.

गटात बसलात तर आधी सगळ्यांनी न बोलता लिहा, मगच बोला. ज्याचा अनुभव जास्त त्याने शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे माना डोलावतात. गुणांत सातपेक्षा जास्त फरक पडला तर ती बिअर पुन्हा चाखून चर्चा करा. शेवटी पहिल्या बिअरचा एक घोट परत घ्या. सुरुवातीला तिला हात आखडून गुण दिले होते का ते तिथे कळतं.

लेबल बघून चाखलं की गुण बिअरला नाही, डब्याला मिळतात. न चाखणाऱ्या एकाने आत ओतून ग्लासांना तीन आकडी क्रमांक द्यावेत. 'क' किंवा '१' नको, मन त्यालाही क्रम लावतं. आपल्याला फरक खरंच कळतो का हे तपासायला त्रिकोण चाचणी करा: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नशिबाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक आहे, म्हणून एकदा जमलं याला किंमत नाही. सहा वेळांपैकी किमान पाच वेळा बरोबर आलं तरच तो फरक जाणवतो असं म्हणा. चार वेळा बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही दहातल्या एखाद्या वेळी जमून जातं.

गुण कुठेही जाहीर करण्याआधी दोषी वाटलेली बिअर दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या बॅचची आणून पुन्हा चाखा. दोष तसाच निघाला तर ब्रुअरीला थेट कळवा: बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, कुठून घेतली, घरी किती दिवस आणि कशी ठेवली, किती अंशांना प्यायली आणि नेमका कुठला वास आला. लहान ब्रुअरीज बऱ्याचदा प्रत्येक बॅचचे काही कॅन राखून ठेवतात. एवढी माहिती हातात असली की त्यांना आपला राखलेला कॅन उघडून चूक टाकीत झाली की वाटेत, हे ताडून बघता येतं.